पांढरी की निळी: आईला घेऊन अमरावती ते तेल्हारा

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे आमच्या घरी दिवाळीतच ठरलं. कोणती घ्यायची, हे मात्र संक्रांत उलटली तरी ठरेना. माझे यजमान अविनाश बँकेत आहेत. रोज जेवण झालं की ते मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ लावून बसायचे आणि मी भांडी आवरता आवरता ऐकायची. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक आटोपशीर, तुलनेनं स्वस्त. दुसरी लांबरुंद, रुबाबदार आणि बऱ्यापैकी महाग. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये तुम्ही एकमेकांची डोकी फोडाल. आपण त्यांना पांढरी आणि निळी म्हणू, कारण आम्ही चालवल्या त्या गाड्यांचे रंग तेच होते. पांढरी म्हणजे लहान, निळी म्हणजे मोठी.

अविनाश निळीच्या बाजूचे, मी पांढरीच्या. माझं कारण साधं होतं. आम्ही राजापेठेत राहतो. क्लास सुटले की आमच्या गल्लीत पोरांच्या स्कूट्या अशा दाटतात की सायकलसुद्धा तिरपी काढावी लागते. मी त्यातल्याच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, म्हणजे त्या गर्दीत माझाही हातभार आहेच. तिथे निळी वळवायची कशी?

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह दोन्हींची घेऊन झाली होती. बडनेरा रोडवर एक चक्कर, शेजारी सेल्समन, त्याचं तोंड अखंड चालू. तेवढ्यात गाडीच्या नवेपणाचा वास तेवढा कळतो. म्हणून ठरवलं की खरा प्रवास करून पाहायचा. अविनाशच्या एका मित्राकडे पांढरी होती. जानेवारीत जोडून सुट्टी आली तेव्हा त्यांनी ती मोठ्या मनाने दिली. निळी होती माझ्या मावसभावाकडे, नितीनकडे, अकोल्याला. बेत असा: अमरावती ते अकोला पांढरीने जायचं, अकोला ते तेल्हारा दोन्ही गाड्या घेऊन, आणि परत येताना अकोट, अंजनगाव, परतवाडा असं सातपुड्याच्या कडेकडेने यायचं.

तेल्हारा का? तर तिथे कमलमावशी राहते. नितीनची आई, माझ्या आईची थोरली बहीण. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्यात ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि त्यानंतर मावशी घराबाहेर अशी पडलीच नाही. आई तिला भेटायला जाऊ शकली नव्हती, कारण आईला गाडी लागते. लहानपणापासून. एसटीत बसली की बडनेऱ्याच्या आत तिचा चेहरा पिवळा पडतो. बाबा होते तोवर ती दोघं रेल्वेने अकोल्यापर्यंत जायची आणि पुढचा रस्ता ती डोळे मिटून कसाबसा काढायची. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली आणि जाणं बंदच झालं. दोघी बहिणी फोनवर बोलायच्या, फोनवरच रडायच्या.

अविनाशच तिला म्हणाले, "आई, चला तुम्ही. या गाडीत डिझेलचा वास नाही, इंजिनाची घरघर नाही. तुम्हाला काही होणार नाही."

आई पटकन हो म्हणाली. मला आश्चर्य वाटलं. मग पाहिलं तर तिने आवळासुपारीची डबी, दोन लिंबं आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा एक गठ्ठा पर्समध्ये भरून ठेवला होता. तिची तयारी पूर्ण होती.

सकाळी उजाडल्यावर निघालो. हवेत चांगला गारठा होता. निघताना गिलावडे, म्हणजे आमच्या अमरावतीचे डाळीचे वडे, बांधून घेतले, ते आईच्या नजरेआड डिकीत ठेवले. बॅटरी पूर्ण भरलेली. अमरावती ते अकोला रस्ता आता चौपदरी आणि सरळसोट आहे. इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदाच लांब नेणाऱ्यांनी सुरुवात याच रस्त्याने करावी. बडनेरा मागे पडलं की दोन्हीकडे काळी शेतं, कुठे तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, कुठे शेवटच्या वेचणीची कपाशी. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कापसाने इतक्या फुगलेल्या की मागून ट्रॅक्टर दिसतच नाही.

अविनाश चालवत होते. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या गाड्यांत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी हळू होते आणि त्या बदल्यात थोडी वीज बॅटरीत परत जाते. हे किती जोरात व्हावं ते आपण कमीजास्त करू शकतो. अविनाशनी ते सगळ्यात जास्तवर ठेवलं होतं आणि त्यांचा एक डोळा रस्त्यावर, एक स्क्रीनवरच्या आकड्यावर. दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. "पाहा, दोन किलोमीटर परत मिळाले," असं ते मला लहान मुलाच्या आनंदाने दाखवत होते.

मूर्तिजापूरच्या अलीकडे मागून आईचा आवाज आला, "जावईबापू, थोडी बाजूला घेता का?"

पुढचं सांगत नाही. मी रस्त्याच्या कडेला तिची पाठ धरून उभी होते. ट्रक जात होते आणि तिच्या लुगड्याचा पदर उडत होता. तोंड धुतल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल? "अविनाशरावांच्या मित्राची गाडी आहे, खराब त नाही झाली?"

"गाडीचं सोड. तुला बरं वाटतंय का?"

"मले सवय नाही ना. गाडी चांगली आहे."

मूर्तिजापुरात थांबून तिला लिंबूपाणी दिलं. अविनाश फार ओशाळले होते. ते बाहेर उभे राहून गाडीच्या सस्पेन्शनला दोष देत होते: "ही कडक आहे. निळी मऊ आहे. मी म्हणत होतो ना?" खरंच ती थोडी कडक आहे. पुढे अकोल्यापर्यंत आई मान मागे टेकवून, लिंबू नाकाशी धरून बसली. बोरगाव मंजूला आणखी एकदा थांबावं लागलं.

अकोल्यात नितीनकडे तिला सोडलं आणि आम्ही चार्जिंगला गेलो. एका हॉटेलच्या आवारात जलद चार्जर आहे. पहिली गन, म्हणजे केबलचं गाडीत लावायचं टोक, लागली पण सुरूच होईना, ॲपवर नुसतं चक्र फिरत राहिलं. दुसरी लगेच चालली. असं होतं, मनाची तयारी ठेवा आणि मोबाइलमध्ये एकापेक्षा जास्त ॲप ठेवा. आमच्या मागे वाशिमकडचे एक गृहस्थ त्यांची गाडी घेऊन उभे होते.

"मॅडम, किती झालं तुमचं?"

"ऐंशी टक्के झालं."

"मंग सोडा नं! शंभराची काहून वाट पाह्यता? ऐंशीच्या पुढं थे बैलगाडीसारखं चालते."

त्यांचं बरोबर होतं. ऐंशीच्या पुढे चार्जिंग फार मंदावतं, त्यामुळे वाटेत थांबाल तेव्हा तेवढ्यावरच निघावं. आम्ही निघालो. खर्च म्हणाल तर तेवढ्या अंतराला आमच्या जुन्या गाडीत जितकं पेट्रोल लागलं असतं, त्याच्या निम्म्याहून कमी लागला. तोही बाहेरच्या चार्जरवर. घरी भरली तर आणखी स्वस्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी. काय सांगू, गाडी देखणी आहे. आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं. डिकीत आमच्या तिघांचं सामान, नितीनने मावशीसाठी घेतलेली औषधं, किराण्याची दोन पोती, सगळं मावून वर जागा. पण एसी कमी करायला स्क्रीनवर तीनदा बोट लावावं लागतं. पांढरीत त्याला साधं बटण आहे. हा मुद्दा व्हिडिओत कुणी सांगत नाही, पण खडबडीत रस्त्यावर हलत्या बोटाने हलती स्क्रीन दाबून पाहा म्हणजे कळेल.

नितीनने निळी घेतली. आईला त्याने शेजारी पुढे बसवलं. अविनाशही मागच्या सीटवर, सगळं नीट पारखायला. म्हणून पांढरी माझ्या वाट्याला आली आणि मी एकटी त्यांच्या मागे निघाले.

अकोल्याहून तेल्हाऱ्याला जाताना खारपाणपट्टा लागतो. जमीन दिसायला काळी सुपीक, पण बोअरचं पाणी खारट. रस्ता काही ठिकाणी छान, काही ठिकाणी नुसता खणून ठेवलेला. धूळ इतकी की पुढची निळी गाडी राखाडी झाली. मला ते परत वीज गोळा करण्याचं काही कौतुक नव्हतं. मी ते सगळ्यात कमीवर केलं आणि जुन्या गाडीसारखी आपली ब्रेकने चालवत राहिले. पांढरी खड्ड्यात दणका देते हे खरं. पण ती कुठून कुठपर्यंत आहे ते बसल्या जागी कळतं. एका गावात रस्त्यावर तूर वाळत घातलेली होती आणि समोरून ट्रॅक्टर आला. निळी थांबून राहिली, नितीनला खाली उतरून अंदाज घ्यावा लागला. मी निळीच्या बाजूने पुढे होऊन तूर आणि ट्रॅक्टर यांच्या मधून अलगद निघाले. खरं सांगते, तेव्हा जरा छाती फुगली.

तेल्हाऱ्यात पोचलो तेव्हा आई निळीतून हसत उतरली. एकदाही पिशवी लागली नव्हती. अविनाशनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की निकाल लागला. मलाही ते नाकारता येईना. आईला ज्या गाडीत त्रास होत नाही तीच घ्यायची, मग महाग पडली तरी चालेल, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

मावशी दारातच होती. वॉकर धरून, केस नीट चोपून बसवलेले, नवं पातळ नेसलेली. आई पायऱ्या चढायला लागली तशी मावशी ओरडली, "हळू ये वं इमल! तू बी पडली त दोघींले कोन पाह्यन?"

आणि मग दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. वॉकर मधे होता, त्यामुळे मिठी नीट होईना. आईने मावशीच्या गालावरून हात फिरवला. "किती सुकली बाई तू." "तू कोनती फुगली?" मावशी म्हणाली, आणि दोघी रडत हसायला लागल्या. आम्ही तिघं चपला काढायचं निमित्त करून अंगणातच रेंगाळलो.

जेवायला तुरीच्या सोल्यांची भाजी होती, म्हणजे ओल्या दाण्यांची, ज्वारीची भाकर, ठेचा आणि कढी. मावशीकडे कामाला असणाऱ्या बाईंनी केलं होतं, पण मीठ-तिखट मावशीच्या हुकमाने. जेवताना नितीन सहज म्हणाला की दुपारी भाऊजींना आणि ताईला वान धरण दाखवून आणतो. तेल्हाऱ्याहून ते तासाभराच्या आत आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी.

मावशीने घास खाली ठेवला. "मले नेतं का?"

 वर्षभरात तिने उंबरठा एकदाच ओलांडला होता. दवाखान्यात तपासायला नेलं होतं तेव्हा ऑटोत तिला इतक्या कळा आल्या की तिने पुन्हा जायचं नावच टाकलं होतं.

"आमच्या नळाले थ्या धरनाचं पानी येते," ती म्हणाली. "इतके वर्सं पिऊन राहिली. एकदा पाहू तरी दे."

नितीनने निळी अगदी पायऱ्यांजवळ आणली. मावशीला धरून पायऱ्या उतरवल्या आणि ती वॉकरने गाडीच्या दारापर्यंत आली. तिने सीटकडे पाहिलं आणि थांबली. निळीचा तळ उंच, सीट त्याहून उंच. पाय वर उचलायचा तर ज्या पायाचं ऑपरेशन झालेलं त्यावर सगळा भार येणार. नितीनने पाट आणून ठेवला. तिने एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. तिसऱ्यांदा अविनाश आणि नितीन दोघांनी तिला उचलून ठेवायचं ठरवलं, तशी ती कळवळली आणि "ठेवा, मले खाली ठेवा," म्हणाली. शेजारच्या घरातून कुणीतरी पाहत होतं. मावशीने पदराने तोंड पुसलं. "जाऊ द्या. तुमी या पाहून."

ती वळायला लागली. तेव्हा मी म्हटलं, "मावशी, या पांढरीत बसून पाहा बरं."

पांढरीचं मागचं दार उघडलं. मी तिला पाठमोरं उभं केलं. सीट बरोबर तिच्या मांडीच्या उंचीला आली. ती खुर्चीवर बसावं तशी टेकली, मग मी तिचे दोन्ही पाय धरून आत वळवले. झालं. तिला स्वतःलाच खरं वाटेना. तिने आतून दाराला हात लावून पाहिला, सीटवर तळवा फिरवला आणि म्हणाली, "इमल, ये. माया बाजूनं बस."

आता आईची पंचाईत. ती अंगणात उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुमी जा बाई. मी नितीनच्या गाडीत येतो. मले या गाडीत होत नाही."

"का होत नाही?"

"लागते."

"अन् त्या निळीत नाई लागली?"

"नाही."

मावशीने क्षणभर विचार केला. "ही पांढरी काल कोन चालोत होतं?"

 आईची नजर नकळत अविनाशकडे गेली आणि लगेच जमिनीकडे आली. मावशीला तेवढं पुरलं. तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "इमल, तुले गाडी लागून राहिली का जवाई?"

नितीन मागे वळून खोकायला लागला. मी हसू दाबलं, पण अविनाशचा चेहरा पाहिला आणि हसू आपोआप गेलं. ते खरंच दुखावले होते. आई तर मेल्याहून मेल्यासारखी झाली होती. "काही बी काय बोलतं बाई! अविनाशराव चांगलेच चालवतात."

"आई," अविनाश हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगा. माझ्या चालवण्याने होतं का?"

आईने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. मग म्हणाली, "घडीघडी पुढं ढकलल्यासारखं होते. पोटात कालवते."

"मग काल का नाही सांगितलं?"

"तुमच्या घरी राहतो, तुमचं खातो. तुमच्या चालवण्याले नावं ठेवू?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माणूस साधा हिशेब सांगतो तसं तिने सांगितलं. मला मात्र ते फार लागलं. दोन वर्षं ती आमच्या घरात आहे. भाजीत मीठ जास्त पडलं तर बोलली नसेल, पंखा जोरात असेल तर बोलली नसेल. आम्ही समजत होतो की तिला सगळं चालतं.

धरणापर्यंत चालवायला घेतलेली चावी अविनाशनी माझ्या हातात परत दिली. "तू चालव," एवढंच म्हणाले आणि निळीत जाऊन बसले. जाताना आईला म्हणाले, "ते घर तुमचं आहे. हे मी आधीच म्हणायला पाहिजे होतं."

हिवरखेड सोडलं की समोर सातपुडा एकदम उभा राहतो. या भागात केळीच्या बागा आहेत, मधेच संत्र्याचे मळे. मी त्याच सवयीने, वीज परत गोळा न करता, सावकाश चालवत होते. मागे दोघींचं बोलणं सुरू झालं. आधी कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नात झाली. मग एकदम मावशी म्हणाली, "तुया नवरा गेला तवा मी आली नाई वं. माया मनातून थे जात नाई."

"तू पडली तवा मी तरी कुठं आली," आई म्हणाली.

आरशात पाहिलं तर दोघी एकमेकींचा हात धरून खिडकीबाहेर पाहत होत्या, एक इकडच्या खिडकीतून, एक तिकडच्या. पिशव्यांचा गठ्ठा आईच्या मांडीवर तसाच होता. लिंबू तिने कधी पर्समध्ये परत टाकलं ते मला कळलंसुद्धा नाही.

जिथपर्यंत गाडी जाऊ देतात तिथे, पाणी दिसेल अशा बेताने उभी केली. दोन्हीकडची दारं उघडली. मावशीला उतरायचं नव्हतं. ती तशीच पाय बाहेर सोडून सीटवर बसली. डोंगरांच्या मधे धरणाची भिंत, त्यामागे हिरवट निळं, स्थिर पाणी. वारा गार होता. मी शाल आणून दिली.

"येवढं पानी!" मावशी म्हणाली. "अन् आमच्या नळाले करंगळीयेवढी धार."

आई जोरात हसली. तिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मग आम्ही थर्मासमधला चहा आणि नितीनने आणलेले आलुबोंडे काढले. आईने दोन खाल्ले. घाटाच्या पायथ्याशी, गाडीत बसून, तेलकट आलुबोंडे! ज्यांना गाडी लागते त्यांना याचं मोल कळेल.

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यातच जा. खाली मंदिर आहे, तिथे सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. नदीच्या डोहात उतरू नका, तो फसवा आहे असं सगळेच सांगतात. खायचं-प्यायचं सोबत ठेवा आणि कचरा परत आणा. चार्जर जवळपास नाही. आम्ही रात्री मावशीच्या घरी फ्रिजच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर पांढरी लावून ठेवली, सकाळपर्यंत ती पुरेशी भरली होती. मी वीजबिलाचे पैसे देऊ केल्यावर मावशीने मला चांगल्या चार शिव्या दिल्या.

तिसऱ्या दिवशी परतीचा रस्ता. निघताना दोघी बहिणी रडतील असं वाटलं होतं, पण नाही. मावशी दारात उभी राहून अविनाशना म्हणाली, "जवाईबापू, राग नका मानू. माया तोंडाले फाटक नाई."

"नाही मावशी. तुमच्यामुळे आमचे पैसे वाचले," अविनाश म्हणाले. मावशीला ते नीट समजलं नाही, पण ती खूश झाली.

अकोट ते अंजनगाव आणि पुढे परतवाडा हा रस्ता मला नेहमीच आवडतो. डावीकडे सातपुडा सोबतीला असतो. अंजनगावच्या पुढे संत्री विकायला बसलेल्या एका बाईंकडून आम्ही टोपलीभर घेतली. चाखायला दिलेल्या फोडीचं बी थुंकत आई म्हणाली, "आंबट आहेत," आणि भाव उतरवला. परतवाड्यात जेवण झाल्यावर अविनाश गाडीभोवती उगाच एक चक्कर मारून आले आणि आईजवळ थांबले.

"आई, मी चालवून पाहू का? त्रास झाला तर लगेच सांगायचं. लगेच."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. हे तिचं तिलाच सांगू दे म्हटलं.

"चालवा," ती म्हणाली. "पण तो आकडा नका पाहू."

त्यांनी स्क्रीनवरचा तो भागच बंद केला आणि वीज परत गोळा करणं मधल्या पातळीवर ठेवलं. सुरुवातीला ते इतके हळू चालवत होते की एक बैलबंडी आमच्या बरोबरीने आली. थोड्या वेळाने हात बसला. वाटेत एकदा सवयीने पाय झटकन उचलला गेला आणि गाडी हिसकली, तशी मागून लगेच आवाज आला, "जावईबापू, हे असं नको." "हो हो, चुकलं," अविनाश म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहत हसले. उन्हं उतरायच्या आत आम्ही अमरावतीत होतो आणि बॅटरी अजून शिल्लक होती.

तर निकाल. निळी जास्त लांब जाते, आत जास्त शांत आहे, सामान जास्त घेते, लांबच्या पल्ल्याला माणूस थकत नाही. नागपूर-पुणे करणाऱ्यांनी तीच घ्यावी, मी आड येणार नाही. पांढरी खड्ड्यात दणकते आणि मागे तिघं बसले तर खांदे एकमेकांना लागतात. आम्ही पांढरी घेतली. गल्लीसाठी असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं कारण तेल्हाऱ्याच्या अंगणात ठरलं. आणि गाडी बघायला जाल तेव्हा घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत न्या. त्यांना बसवा, उतरवा, मागच्या सीटवर बसवून फिरवा आणि त्यांना काय वाटलं ते दोनदा विचारा. पहिल्यांदा ते "चांगली आहे" म्हणतात.

बुकिंगला आई सोबत आली होती. रंगाचा प्रश्न निघाला तेव्हा अविनाश राखाडी म्हणत होते, धूळ दिसत नाही म्हणून. मी पांढरीलाच सरावले होते. सेल्समनने आईला सहज विचारलं, "आजी, तुम्हाला कोणता?"

"लाल," आई म्हणाली. एका क्षणाचाही वेळ न लावता.

लाल रंगाला थांबावं लागेल, बाकीचे लगेच मिळतील, असं सेल्समन सांगायला लागला. अविनाशनी त्याला अर्ध्यावरच थांबवलं. "लालच लिहा."

संध्याकाळी आईने मावशीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण दोघींनाही कमी ऐकू येतं. मावशीला रंग पसंत पडला. मग तिने सांगितलं की ती हल्ली रोज दुपारी वॉकर घेऊन फाटकापर्यंत जाते आणि परत येते. नितीनने सांगितलं म्हणून का, असं आईने विचारलं.

"नितीन कायले सांगते? तुयी लाल गाडी आली की मले तिच्यापर्यंत माया पायानं जाचं आहे."

आईने फोन ठेवला आणि कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली. "सीमा," ती म्हणाली, "गाडी आली की पहिल्या रविवारी तुमाले काही काम आहे का?"

नाही म्हटलं. काहीच काम नाही.